अडकलेलं काडतूस

अनिका, पॅटिओचा लाइट बंदच राहू दे. वीर, फोन ठेव खाली. ही आमच्या गुरुनाथची गोष्ट आहे, त्याच्याच तोंडून ऐकलेली. इथेच चँडलरला, दोन गल्ल्या सोडून राहतो तो.

मूळचा नागपूरचा. चिप कंपनीतून रिटायर झाला. एकुलता एक मुलगा विक्रम इथल्या, अमेरिकेच्या आर्मीत होता. परदेशात, कुठल्याशा डोंगरातल्या चौकीला वेढा पडला. मदत पोचली सकाळी, तोवर विक्रम गेला होता. तेव्हापासून गुरुनाथ गप्पच झाला. मन रमावं म्हणून एका छोट्या म्युझियममध्ये जुन्या बंदुका साफ करायला जायचा.

गेल्या नोव्हेंबरातली अमावस्या, गुरुवार. म्युझियमसाठी एक रायफल आणायला तो उत्तरेकडच्या एका रँचवर, गुरांच्या मळ्यावर गेला. तिथल्या म्हातारीने ती घोंगडीत गुंडाळून ठेवली होती.

“इथे पूर्वी घोड्यांच्या टपालगाडीचं ठाणं होतं,” ती म्हणाली. “ज्यांची ही मूळची जमीन, ते इथले आदिवासी चालून आले. आतले चौघे लढले. ही ज्याच्या हातात होती, तो एकोणीस वर्षांचा पोरगा. नळी तापली आणि रिकामं काडतूस आत अडकलं. सुरीने उकरत बसला होता म्हणे, शेवटपर्यंत.”

“मदत नाही आली?”

“आली ना. दुसऱ्या दिवशी.”

गुरुनाथने घोंगडी उचलली आणि मागच्या सीटवर अलगद ठेवली. झोपलेलं मूल ठेवावं तशी.

निघेपर्यंत अंधार पडला होता. दुपदरी रस्ता, दोन्हीकडे ओसाड माळ, फोनला सिग्नल नाही. बरंच अंतर गेल्यावर गाडीत घंटी वाजायला लागली. शेजारी कुणी बसलं आणि बेल्ट लावला नाही की वाजते ना, तीच. सीट तर रिकामी. सेन्सर बिघडला असेल, म्हणून त्याने सीटवर हात फिरवला.

गादी खाली दबलेली होती.

मग वास आला. बंदुकीच्या दारूचा. मग आवाज. खर्र... खर्र... लोखंडावर सुरी घासावी तसा.

गुरुनाथने मान वळवली नाही. हात स्टिअरिंगला चिकटले होते.

खर्र... थांबलं.

“आले का ते?”

इंग्रजीत. पोरसवदा आवाज. दमलेला.

गुरुनाथने नजर समोरच्या रस्त्यावरच ठेवली.

“सर... आले का?”

आमचा विक्रमही त्या रात्री असंच कुणाला तरी विचारत असेल... एवढंच गुरुनाथच्या मनात आलं, आणि भीती कुठल्या कुठे गेली. तोंडून निघालं ते मराठीच.

“आले रे बाळा. सगळे आले. ठेव ते आता खाली... झोप.”

नुसता टायरचा आवाज. मग उजव्या खांद्यावर काहीतरी टेकलं. हलकंसं. घंटी बंद झाली. चँडलरचे दिवे दिसेपर्यंत गुरुनाथने तो खांदा हलू दिला नाही.

घरी त्याच्या बायकोने, अहिल्यावहिनींनी दार उघडलं.

“अहो, हे काय लागलंय शर्टाला?”

उजव्या खांद्यावर काळा डाग होता. गालाएवढा. काजळीचा असावा तसा.

आणि त्या काळ्यातून वरून खाली, एकच स्वच्छ रेघ... पाणी ओघळल्यासारखी.