अकरा दिवस अडलेला इशारा

कागद सापडला तो दुभाषीबाईंच्या खणात, जाडजूड शब्दकोशाच्या खाली. धक्क्यावरच्या बोटीच्या तिकीटघरात स्फोट होऊन नऊ माणसं गेली, त्याला तीन दिवस झाले होते. शेजारच्या देशाने त्याच्या अकरा दिवस आधी पाठवलेला इशारा तो हाच. धक्क्याच्या पोलिसांपर्यंत तो पोचलाच नव्हता.

सकाळी दहाला तपासनिसाला बोलावणं आलं. खात्यात त्याला सगळे कासव म्हणत, अगदी तोंडावर. निवृत्तीला पाच आठवडे उरले होते, गुडघे कुरकुरत होते, आणि नेमकी असली नकोशी कामं त्याच्याच गळ्यात पडायची. हुकूम सरळ होता. पाच वाजेपर्यंत अहवाल द्या, म्हणजे बाईंना अटक करता येईल. दुसऱ्या दिवशी सात देशांची मंडळी बाईंच्या समन्वय कक्षाची, म्हणजे परदेशी इशारे घेणाऱ्या कचेरीची, पाहणी करायला येणार होती, आणि त्यांच्यापुढे एक दोषी तयार ठेवायचा होता.

कासवाने कागद हातात घेऊन नीट पाहिला. परकी लिपी, अगदी कडेपासून सुरू झालेली. डावीकडे दोन गोल भोकं, त्यात पहिल्या ओळीचा शब्द अर्धा गेलेला. बाकी त्याला ओ की ठो कळलं नाही.

कक्षाच्या भिंतीवर मोठा फळा होता. प्रत्येक परदेशी संदेशाला चोवीस तासांत उत्तर, असा सुधारणेचा पहिलाच नियम. त्याखाली आठ महिने ओळीने हिरव्या खुणा. नवे प्रमुखसाहेब आल्यापासून एकही चुकली नव्हती, आणि ते त्यांनी कासवाला दोनदा सांगितलं.

बाई बाजूच्या खोलीत बसल्या होत्या. पन्नाशीच्या, डोळे जागरणाने सुजलेले. समोर टाइप केलेला कबुलीजबाब, त्यावर उघडं पेन.

"हा कागद तुम्ही वाचला होता?"

"आठवत नाही."

"खणात कोणी ठेवला?"

"आठवत नाही हो. दिवसाला चाळीस कागद येतात, आणि ती भाषा येणारी इथे मी एकटी. ठेवला असेन मीच, पेंगत पेंगत. म्हणजे ती माणसं मीच मारली ना?"

कासवाने पेनाला टोपण लावलं. मी परत येईपर्यंत सही करू नका, म्हणाला. बाई म्हणाल्या, सही केली की झोप तरी लागेल. बाई खोटं बोलत नव्हत्या, हेच वाईट होतं. खोटं बोलणारा माणूस निदान स्वतःच्या बाजूचा तरी असतो.

तो बाईंच्या टेबलाशी जाऊन बसला. भाषांतर व्हायचे कागद पारदर्शक पिशव्यांत रचलेले होते, कडा सगळ्या कोऱ्या. शेजारच्या कारकुनाने आपणहून सांगितलं, की हा बाईंचा हट्ट. ते लोक समास म्हणून सोडत नाहीत, भोक पाडलं की शब्द जातो. म्हणून भाषांतर झाल्याशिवाय कागदाला भोक पाडायचं नाही. झालं की मूळ कागद आणि भाषांतर एकत्र ठेवून भोकं पाडायची, फायलीला लावायचे आणि फाइल प्रमुखांकडे पाठवायची. नव्या साहेबांना हे माहीत आहे का, असं कासवाने विचारलं. कारकून हसला. साहेबांना फाइल तयार होऊनच मिळते, म्हणाला.

मग कासवाने प्रमुखसाहेबांना विचारलं, की शेजारच्या देशाला कोणी फोन केला का? नव्हता केला. तीन दिवसांत कोणीही नाही. घरची लक्तरं वेशीवर टांगायची नाहीत, असं साहेबांचं म्हणणं, आणि परदेशाशी बोलायचा अधिकार नियमाने त्यांचा एकट्याचा. कासव बरं म्हणाला, जिन्यात गेला आणि स्वतःच्या फोनवरून फोन लावला.

पलीकडची अधिकारी बाई त्याच्याइतकीच दमलेली होती. दोघं तिसऱ्याच भाषेत, अडखळत बोलले. या फोनची मी तीन दिवस वाट बघतेय, असं ती म्हणाली. तिने एक प्रत पाठवली, आणि कासव जिन्यातच पायरीवर बसला.

पावणेपाचला त्याने बाईंना प्रमुखांच्या खोलीत आणलं.

"साहेब, या कागदाला भोकं आहेत. बाईंच्या टेबलावर भाषांतराआधी भोक पडत नाही. म्हणजे याचं भाषांतर झालं होतं आणि तो फायलीला लागला होता. फाइल तुमच्याकडे गेली."

"भोक कोणीही पाडेल."

"पाडेल की. पण शेजाऱ्यांना नऊ तासांत उत्तर गेलं, त्याची त्यांनी पाठवलेली प्रत ही. त्यात लिहिलंय, 'धक्क्यावर बंदोबस्त वाढवला आहे.' कागदात धक्क्याचं नाव आहे, हे भाषांतराशिवाय कोणाला कळणार? आणि उत्तराखाली सही तुमची आहे. बंदोबस्त वाढवायचा हुकूम मात्र धक्क्यावर कधी गेलाच नाही. तुमच्या उत्तरावर ते लोकही निर्धास्त झाले. त्यांच्या फळ्यावरही हिरवी खूण पडली."

साहेबांनी कागद बाजूला सारला.

"महिन्याला चारशे इशारे येतात," ते म्हणाले. "बहुतेक सगळे फुसके. उत्तर आधी पाठवायचं, काम मागून करायचं, असं चाललं होतं. हे राहून गेलं."

"राहून गेलं, हे मी समजू शकतो. स्फोटानंतर भाषांतर काढून घेतलंत आणि मूळ कागद या बाईंच्या खणात ठेवलात, ते कसं समजू?"

कासवाने दार उघडलं, तसे बाहेर थांबलेले दोन शिपाई आत आले. बाईंसाठी आणलेले ते प्रमुखसाहेबांना घेऊन गेले.

बाई उभ्याच होत्या.

"म्हणजे मी केलं होतं?"

"त्याच दिवशी, बाई."

"नीट केलं होतं? कळण्यासारखं?"

"साहेबांच्या उत्तरावरून दिसतंय. अगदी नीट."

बाईंचा चेहरा क्षणभर हलका झाला. मग त्या खुर्चीत बसल्या आणि तीन दिवसांत पहिल्यांदा रडल्या.

"मग ती माणसं आज हवी होती हो," त्या म्हणाल्या. "माझ्या हातून राहिलं असतं, तर निदान चूक तरी म्हणता आलं असतं."

पाच वाजून गेले होते, अहवाल लिहायचा होता. कासव खुर्ची ओढून बाईंच्या शेजारी बसला.