खुंटावरचे ठोके

काटा कधी पूर्ण स्थिर राहत नाही.

पाण्याखालच्या मायक्रोफोनला जोडलेल्या यंत्राचा काटा. समुद्र कितीही शांत असो, तो केसभर थरथरतोच. कोळंबी नांगी टिचकवते, वाळू सरकते, दूर कुठेतरी एखादी लाँच चाललेली असते.

त्या दुपारी तो थांबला.

ही माझ्या मावशीची, विमल गुप्तेची हकीकत आहे. तिने कधी भुताखेतांवर विश्वास ठेवला नाही, आजही ठेवत नाही. म्हणूनच मी ती खरी मानते.

१९६४ सालचा नोव्हेंबर. जागा रेवसच्या धक्क्याजवळची एक पत्र्याची शेड.

पाणबुडी डोळ्यांना दिसत नाही, ती ऐकावी लागते. त्यासाठी आधी रोजच्या समुद्राचे आवाज ओळखता यायला हवेत. नौदलासाठी ते टेपवर टिपण्याचं काम भौतिकशास्त्र शिकलेल्या मावशीकडे होतं. मायक्रोफोन खाडीच्या तोंडाशी तळावर ठेवला होता. त्याची केबल शेडमध्ये आली होती.

"मासं ऐकायला सरकार पगार देतंय?" होडीवाला रघू कोळी पहिल्याच दिवशी म्हणाला होता. "आमी तर फुकट ऐकतो, बाय."

त्या दुपारी ओहोटी संपून पाणी थबकलं होतं. काटा शून्यावर उभा होता.

मावशीने कानावरचे हेडफोन घट्ट दाबले. काहीच नाही. कोळंबीसुद्धा नाही.

आणि मग...

ठक्.

बराच वेळ शांतता.

ठक्.

लाकडावर दगड मारावा तसा आवाज. काटा उडाला आणि परत शून्यावर आला.

तिने बाहेर पाहिलं. पाण्यावर एकही होडी नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाणी थबकलं, तेव्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. तिने रघूला सांगून मायक्रोफोन वर काढला. साखळी घट्ट होती, केबल धड होती. पुन्हा खाली सोडला...

ठक्.

शेडमध्ये पिण्याचं पाणी आवडाबाई आणून देई. रघूची थोरली भावजय. तिचा नवरा अंबाजी सहा वर्षांपूर्वी खाडीच्या त्याच तोंडाशी बुडाला होता. देह मिळाला नव्हता. रघू दरवर्षी विचारायचा, "वैनी, दर्भाचा पुतळा करून दादाचं कार्य करूया का?" ती दरवर्षी म्हणायची, "बघू." तिच्या हातात अजून हिरव्या बांगड्या होत्या.

मावशीने तिला ठोक्यांबद्दल काही सांगितलं नव्हतं. सांगणारही नव्हती.

पण चौथ्या दिवशी ऐकता ऐकता मावशीचं बोट नकळत टेबलावर पडू लागलं. एक ठोका. बराच वेळ. पुन्हा एक.

दारात आवडाबाई हंडा घेऊन उभी राहिली होती.

"ही खूण तुला कुनी शिकवली, बाय?"

"कसली खूण?"

तिने हंडा खाली ठेवला. सावकाश सांगितलं. डोल म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं, ते खाडीच्या तोंडाशी रोवलेल्या खुंटांना बांधतात. दोर अडकला की अंबाजी बुडी मारायचा. खालून दगडाने खुंटावर ठोका द्यायचा. होडीतला माणूस तळफळीला कान लावून ऐकायचा.

"एकएक ठोका म्हंजे, थांबा, मी खाली हाय. वरून फळीवर तीन ठोकले, की वर ये. बोलावल्याबिगर वर यायचं न्हाय, असा ह्यांचा नेम."

 मावशीने हेडफोन काढून पुढे केले.

आवडाबाईने ते पदरावरूनच कानाला लावले. डोळे मिटले.

"ह्येच हायत," ती म्हणाली. "अजून थांबा म्हंतात."

रघू दाराशी आला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं.

"भावजी, त्या दिशी होडीत तुमी व्हता. वर बोलावलं व्हतं का ह्यांना?"

रघूचं नेहमीचं हसू गेलं.

"पानी फिरलं व्हतं, वैनी. होडी वढून न्हेली. दोनी हात वल्ह्यावर... ठोकायला हात मोकळा न्हवता."

 ती म्हणाली, "होडी काढा."

"बाईमानसानं डोलीच्या होडीत..."

"काढा, भावजी."

मावशी शेडमध्येच राहिली. हेडफोन लावून, टेप चालू करून.

वल्ह्यांचा आवाज आला. थांबला. मग वरून, अगदी स्पष्ट...

ठक् ठक् ठक्. त्यात बांगड्यांचा बारीक किणकिणाट.

खालून काही उत्तर आलं नाही.

मग खुंटावर काहीतरी घासत गेलं. खालून वर. सावकाश. दोर हातात धरून कुणी चढत यावं तसं. त्यामागून बुडबुडे...

आणि एकदम कोळंबी टिचकू लागली. वाळू सरकू लागली. समुद्र पुन्हा बोलायला लागला.

ते ठोके मावशीने नंतर कधीच ऐकले नाहीत. संध्याकाळी तिने सगळ्या टेप लावून पाहिल्या. वरून दिलेले तीन ठोके होते, बांगड्याही होत्या. खालचे ठोके एकाही टेपवर नव्हते. पण काटा उडालेला तिने रोज पाहिला होता. याचा अर्थ तिला अजून लागलेला नाही. आजही होडीत बसली, की ती काठावर हात ठेवत नाही.

त्याचं कारण रघूने धक्क्यावर सांगितलं. 

"वैनी ठोकून हात उचलते न् उचलते, तर होडी एका अंगाला कलली, बाय. कुनी काठ धरून आत यावं तशी. मग सरळ झाली... पन जड. आख्ख्या वाटंला वल्हं वढवत न्हवतं. धक्क्याला लागली आन् हलकी झाली."

होडीत कुणी नव्हतं.

आवडाबाई पायरीवर बसली होती. ती रडत नव्हती. गावाकडे जाणाऱ्या वाटेकडे बघत होती, आपल्या पुढे कुणीतरी चालत गेलं असावं तशी.  भरतीचं पाणी तिच्या पावलांपर्यंत चढलं.

मग तिने डाव्या हातातल्या बांगड्यांवरून उजवा हात फिरवला आणि वर न बघता म्हणाली,

"घरी आनलं ह्यांना. भावजी, आता ह्यांचं कार्य करा."