नायिका जेवत का नाही?

पातीच्या कांद्याची जुडी काखेत मारून दानबी बसथांब्यावर उभी होती. राजधानी सोलहून आलेल्या चष्मेवाल्याने अदबीने विचारलं, "जिंदो बेटावरची ती मुदांग कुठे राहते हो? मृतांच्या मनातल्या गाठी विधी करून सोडवणारी? मी कादंबरी लिहितोय... तिच्यात आपल्या देशाचा आत्मा आहे!"

"तो आत्मा मीच. ही जुडी धरा, हात दुखले."

बिचारा हासॉक! कानापर्यंत लाल झाला. पण मग रोजच यायला लागला, पानं वाचून दाखवायला. कादंबरीतली मुदांग डोंगरावर उभी राहून देशासाठी रडायची.

"लेखकमहाशय, ही बाई जेवत का नाही?"

"आत्म्याला कसली भूक?"

दानबीचा चेहराच उतरला. शाळेत पोरं आईच्या याच कामावरून तिला हिणवायची, आता हा देवी करून बसवतोय. मी काही दिसत नाही मेल्याला! आणि जीव जडलाय तो नेमका याच्यावरच.

आई गेल्यावर दानबीचा एकटीचा पहिलाच विधी होता, शेजारच्या माक आजोबांच्या वारलेल्या बायकोसाठी. लांब पांढऱ्या कापडाला सात सैल गाठी मारायच्या. गाता गाता झटक्यासरशी सुटल्या, की गेलेल्याच्या मनात काही सल उरला नाही. सातवी गाठ हासॉकने हौसेने मारली... पुस्तकांच्या गठ्ठ्याला मारतात तशी, करकचून!

सहा सुटल्या. सातवी हलेना. बायका कुजबुजल्या. आजोबांनी विचारलं, "माझ्यावर रागावून गेली का गं ती?"

दानबीचे हात थरथरायला लागले... ते हासॉकला दिसले.

"आजोबा, आजी नाही रागावल्या. हा माझा गाढवपणा!" भर अंगणात गुडघे टेकून त्याने दातांनी गाठ सोडवली.

आजोबा रडता रडता हसले. "माझेही घोटाळे तीच निस्तरायची."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो एकच कागद घेऊन आला. "बाकीचं फाडलं."

दानबीने वाचलं : 'तिचे हात थरथरत होते, आणि तिला भूक लागली होती.'

तिचे डोळे भरून आले. "बरं... कुणाबरोबर जेवते मग ही?"

"तेच विचारायला आलोय. मला... देश नकोय, दानबी. तू हवी आहेस."

तिने पाटावर भाताच्या दोन वाट्या मांडल्या.

"हात धुऊन ये," ती म्हणाली, "निवतंय."