पास्टीचा कोपरा

मूंटा या जुन्या खाणगावातल्या दुकानात मेरिन ट्रेवार्था उकिडवी बसून कुत्र्याच्या खाण्याच्या पिशव्या वाचत होती. शेजारी म्हातारा बोसन धापा टाकत बसलेला. वडील गेले, मागे आपला म्हणावा असा हा एवढा एकच जीव उरला. आणि आता त्याच्याही हिरड्या पांढुरक्या पडलेल्या. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "रक्त कमी होतंय. खाण्यात काहीतरी चुकतंय, शोध."

"तिसरी पिशवी वाचताय... परीक्षा आहे वाटतं?"

तिने मान वर केली. भुवईला पीठ लागलेला तरुण — जोरी पास्को. आजोबांची पास्टीची, म्हणजे मांस-बटाटा भरून भाजलेल्या मोठ्या करंजीची, बेकरी नुकतीच त्याच्या हाती आली होती.

"परीक्षाच. यादीत आधी मांस लिहिलंय की मका, ते बघायचं. तुमच्या भुवईला पीठ आहे."

"असू दे. शोभतं असं ऐकलंय."

"कोण म्हणालं?"

"अजून कुणी नाही..."

ती हसणार, तोच बोसन उठला आणि जोरीच्या पायाशी लोळू लागला. परक्याला कधी हुंगूनही न बघणारा बोसन!

"हा तुम्हाला ओळखतो?"

"रोज पहाटे येतो, मागच्या दाराशी. पहिल्या पास्टीचा कोपरा पायरीवर ठेवतो ना मी, खाणीतल्या बुटक्या भुतांसाठी. आजोबा ठेवायचे. खाणी बंद पडल्या, पण रीत मोडवेना. बुटके काही येत नाहीत, हा येतो."

"पास्टीत कांदा असतो?"

"कांद्याशिवाय कसली पास्टी —" तिचा चेहरा पाहून तो थांबला.

"कांद्यानं कुत्र्याचं रक्त नासतं," ती हळूच म्हणाली.

माया आंधळी असते. ताट भरलेलं तेवढं तिला दिसतं, ताटात काय पडलंय ते दिसत नाही.

जोरीने सबब सांगितली नाही. "आता काय खाऊ घालायचं ते सांगा," एवढंच म्हणाला. ती बोसनला घेऊन निघून गेली.

दुसऱ्या सकाळी तो तिच्या फाटकाशी उभा होता, हातात उकडलेल्या कोंबडीचा डबा.

"मीठ?"

"नाही."

"लोणी?"

"देवाशपथ नाही."

तिने फाटक उघडलं नाही, पण डबा घेतला. पुढे गाजर आलं, भोपळा आला. फाटक उघडलं, चहा आला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. आणि देवाच्या दयेने एके दिवशी बोसनच्या हिरड्या गुलाबी दिसल्या.

त्या सकाळी जोरीने फडक्यात गुंडाळलेली ऊनऊन पास्टी तिच्यापुढे धरली. पास्टीच्या एका टोकाला खाणाऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर उठवायचं आणि दुसऱ्या टोकाकडून खात यायचं, म्हणजे उरला तुकडा कुणाचा याचा तंटा नको — ही तिथली रीत. या पास्टीला मात्र दोन्ही टोकांना अक्षरं होती. एक तिचं, एक त्याचं.

"एका पास्टीवर दोन नावं? हे आजोबांनी शिकवलं?"

"नाही... माझं मीच. चुकलं असेल तर —"

"भाजून झाल्यावर काय खोडणार आहेस?"

मेरिनने आपल्या अक्षराकडून खायला सुरुवात केली. सावकाश, एकेक घास. जोरी श्वास रोखून बघत राहिला. शेवटी त्याच्या अक्षराचा कोपरा तेवढा उरला.

"हा... बुटक्यांना ठेवू?" त्याने विचारलं.

"नको. माझ्याकडे राहू दे."

तिने तो कोपरा रुमालात बांधला. बोसनने आशेने मान वर केली.

"तुला नाही रे," ती जोरीकडे बघत म्हणाली, "यात कांदा आहे."