टाके काढायला बुधवारी येणे

कल्याणच्या त्या हॉस्पिटलात दर्शना गेली ती एवढ्याचसाठी, की तिथल्या छापील कागदांवर जोडाक्षरं फुटत होती. 'शस्त्रक्रिया' छापलं की विटांची गाडी उलटावी तशी अक्षरं पडायची. काम ठाण्याच्या ऑफिसचं, पण पोरगी टिटवाळ्याची. साहेब म्हणाले, तुझ्या वाटेवरच आहे, सकाळी बघून टाक.

आता हे कागद निघतात कसे, तेवढं समजून घ्या. डॉक्टर जे लिहितात ते कॉम्प्युटरच्या कोठारात जातं. पण मोकळं नाही, डब्याडब्यात. नावाचा डबा, आजाराचा डबा, ऑपरेशनचा डबा. उघडायची खूण वेगळी, बंद करायची वेगळी. याला ती मंडळी एक्सएमएल म्हणतात. छापायची वेळ आली की दर्शनाने केलेला साचा एकेक डबा उघडतो आणि आतला माल कागदावर जागच्या जागी मांडतो. झालं डिस्चार्ज कार्ड.

खोट एकच होती. शेवटचा डबा, म्हणजे पेशंटचं पुढे काय झालं तो, डॉक्टर घाईत रिकामा ठेवायचे. डबा रिकामा की साचा अडायचा, आणि काउंटरवर बोंबाबोंब. म्हणून दर्शनानेच साच्याला शिकवून ठेवलं होतं, की डबा रिकामा दिसला तर आपलं छापून मोकळं व्हायचं: 'प्रकृती सुधारली. घरी सोडले. टाके काढायला बुधवारी येणे.' बहुतेकांचं तसंच तर होतं. कोणाचं काय बिघडणार होतं?

तर त्या बुधवारी ती काउंटरमागे अक्षरं जुळवत बसलेली, आणि ड्रेसिंगच्या खोलीतून क्रिस्टल सिस्टर आली. उत्तनची बाई, अंगाने दणकट, कशाला म्हणून न भिणारी.

"कमलेश, हा जगन नावाचा पेशंट आलेला. याची फाइल काढ रे."

काउंटरवरच्या कमलेशने तिच्या हातातलं कार्ड घेऊन वाचलं आणि हसला. "सिस्टर, सकाळी सकाळी मस्करी नको हां. जगन गेला ना मागच्या आठवड्यात! ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी. अॅम्ब्युलन्स मीच बोलावलेली."

सिस्टर हसली नाही. "मग मी आत्ता टाके कुणाचे काढले?"

कमलेशने कार्ड पुन्हा एकदा वाचलं.

"रक्ताचा थेंब नाही," सिस्टर म्हणाली, कापसाचे बोळे मोजून सांगावे तशी. "कातडं जुळलेलंच नव्हतं. दोरा ओढला तर नुसती भेग... आणि गार. मासळीच्या पेटीत हात घालावा तसा. दुखतं का विचारलं, तर म्हणतो, पुढची तारीख द्या."

दर्शनाने जगनचे डबे उघडून पाहिले. नाव होतं, हर्नियाचं ऑपरेशन होतं. शेवटचा डबा रिकामा. मयताबरोबरच्या कागदांत ते कार्ड आपसूक छापून गेलं होतं, आणि कोणी वाचलंही नव्हतं.

काउंटरसमोरच्या बाकावर एक बाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. जगनची बायको, रंभा. शहाडला राहायची.

"मला वाचता येत नाही," ती दर्शनाला सांगू लागली. "शेजारच्या पायलने वाचून दाखवलं, घरी सोडले म्हणून. मी म्हटलं, मेल्या माणसाची काय चेष्टा करतात! तर स्मशानातून परत आलो, आणि हे ओट्यावर बसलेले. अंगाला राख नाही, काही नाही."

"तुम्हाला भीती नाही वाटली?"

"नवऱ्याची कसली भीती? जेवत नाहीत, झोपत नाहीत. पण दार लावताना घरात माणूस आहे, एवढं कळतं." तिने आवाज खाली घेतला. "आता कार्डावरचा बुधवार आज संपतो ना, ताई. सकाळपासून एकच धोशा लावलाय. एक तारीख टाका पुढची. मी आणत जाईन त्यांना. तुमचं काय जातं?"

बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक माणूस पोट धरून बसला होता. दर्शनाने आधी त्याला पाहिलंच नव्हतं. माठात तोंड घालून बोलावं तसा आवाज आला.

"पुढची... तारीख?"

कमलेशने दर्शनाची बाही ओढली. "मॅडम, खरं काय ते भरा ओ. हे असं नाही चालणार."

रंभाकडे पाहून दर्शनाचा जीव तुटत होता. पण एका खोट्या ओळीने माणूस चितेवरून उठून आला. दुसरी लिहिली तर तो दर बुधवारी चिरलेलं पोट धरून इथे येत राहणार. ती कॉम्प्युटरपुढे बसली आणि शेवटच्या डब्यात भरलं: मृत्यू.

साच्याने लगेच आणखी एक डबा पुढे केला. देह कोणाच्या ताब्यात दिला? हा रिकामा ठेवून कागद निघत नाही.

"रंभाताई, तुमचं नाव टाकते."

"माझं नाव घालू नका!" रंभाने पदर तोंडाला लावला. "तुम्ही त्यांना मारताय, वर माझं नाव घालताय?"

साचा तपासताना या मंडळींची एक सवय असते. अडलेल्या जागी स्वतःचं नाव टाकायचं, छापून बघायचं, मग बदलायचं. दर्शनाचं डोकं जागेवर नव्हतं. बोटांनी सवयीने लिहिलं: दर्शना, टिटवाळा.

कागद निघाला. जोडाक्षरं अगदी नीट जुळलेली. बाकाचं ते टोक रिकामं झालं होतं. रंभाने प्रिंटरवरचा कागद ओढला, पिशवीत कोंबला आणि निघून गेली.

जेवणाच्या सुट्टीत दर्शनाच्या आईचा फोन आला.

"दर्शू, ऑफिसचा माणूस पाठवलायस का गं? मघाशी आला. तुझंच नाव घेतोय. चहा दिला, तर घेत नाही. पोट धरून बसलाय बिचारा."

दर्शना जेवणाचा डबा तसाच टाकून उठली. स्वतःचं नाव खोडलं, रंभाचं भरलं, नवा कागद छापला. मग कमलेशच्या फोनवरून रंभाला गाठलं.

"ताई, मघाचा कागद घेऊन लगेच या. चूक झालीय. नवा देते, पण जुना परत आल्याशिवाय तो चालत नाही."

"कुठला कागद?" रंभाचा आवाज कोरडा होता. "तो फाडून टाकला. शहाडच्या पुलावरून उल्हास नदीत सोडला. घरात नको होता मला."

"आणि... ते? ते आले का तुमच्याकडे?"

"कोण येणार आता?" रंभा म्हणाली आणि फोन ठेवला.

नवा कागद हातात धरून दर्शना उभी होती. ताब्यात: रंभा. पांढऱ्यावर काळं, स्वच्छ छापलेलं. तिने आईला फोन लावला.

"आई... तो माणूस गेला ना?"

"नाही गं. उठलाय आता, घर बघतोय. मघाशी नुसतं तुझं नाव घेत होता, आता बोलतो की! विचारत होता, दर्शनाची खाट कुठली."

"आई, त्याच्याशी बोलू नकोस... काही सांगू नकोस त्याला..."

"आता काय," आई म्हणाली. "मी दाखवली."