एक मेचं पाणी

"एक मे! जगभरच्या कामगारांचा दिवस!" कोकिळा हात वर करून ओरडली.

"एक मे! अठराशे सत्त्याण्णव साली रामकृष्ण मिशनची स्थापना!" दुसऱ्या पोरानं घसा ताणला.

"एक मे! गेल्या साली आपलं महाराष्ट्र राज्य झालं!"

"आणि एक मे!" मोरू पुढं आला. "गेल्या साली याच दिवशी फिरोजाच्या बापानं माझ्या बाला बुडवलं!"

सगळी पोरं खो खो हसली. गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. "मोरू, कागदावर लिहिलंय तेवढंच बोल," ते म्हणाले आणि पुन्हा पताका चिकटवू लागले. बस्स, एवढंच! बारा वर्षांची फिरोजा शेवटच्या रांगेत उभी होती. तिला काहीच बोलायला दिलं नव्हतं. टाळ्या वाजवायचं काम तेवढं दिलं होतं.

मे महिन्याची सुट्टी लागली होती, तरी साखरखोलच्या पोरांना तालमीला बोलावलं होतं. उद्या महाराष्ट्राचा पहिला वाढदिवस होता, आणि उद्याच खाडीच्या धक्क्यावर बुडालेल्यांच्या आठवणीचा दगड उघडायचा होता. गेल्या साली खाडीपलीकडे, बोर्ली पंचतनला, नव्या राज्याचा सोहळा बघायला गाव लोटलं होतं. संध्याकाळी परतताना खाडी पार करणारी तरीची होडी मधोमध बुडाली. गावची पाच माणसं गेली. सुकाणू धरणारा नझीर तांडेल, म्हणजे फिरोजाचे अब्बा, तेही गेले.

दगडावर नावं मात्र पाचच होती. त्यांच्याखाली एक ओळ कोरली होती, 'तांडेलाच्या हट्टापायी प्राणास मुकले.' दगडाचा खर्च अंबाजीशेटचा. होडीही त्याचीच आणि तरीचा मक्ताही त्याचाच. "उधाणाचं पाणी हाय, होडी घालू नको, असं मी बजावलं होतं," असं त्यानं फौजदाराला सांगितलं. मेलेला माणूस थोडाच उलट बोलणार! गाव रडण्यात बुडालं होतं. शेट म्हणाला तेच खरं ठरलं.

फिरोजाची अम्मी जैबुन्निसा त्याच्या दारी जाऊन आली होती. "नाव तरी घाला, शेट. तोही बुडलाच ना?"

"दगडावर जागा न्हाय," शेट सुपारी कातरत म्हणाला होता.

उद्या तो दगड उघडला की ती ओळ कायमची. फिरोजाला रात्र रात्र झोप लागत नव्हती ती त्याच ओळीमुळं.

तालीम सुटली. मोरूनं बांधावर तिची वाट अडवली. धाकटी बहीण कोकिळा त्याच्या मागंच होती.

"उद्या धक्क्यावर दिसलीस तर दगडच घालीन डोक्यात! षष्ठीला बाचं वर्षश्राद्ध झालं. आई पिंडापुढं बसून तुझ्या बापाच्या नावानं बोटं मोडत होती, ठाव हाय?"

"षष्ठीला?" फिरोजानं मान वर केली.

"व्हय! वैशाख शुद्ध षष्ठी. भटजींनी पंचांग बघून सांगितली. पाचही घरांची एकाच दिवशी."

"आमच्या अब्बांची बरसीपण त्याच दिवशी झाली. अम्मी चांदावरून धरते." फिरोजा एक पाऊल पुढं आली. "मोरू, मग उधाण कुठलं?"

"म्हंजे?"

"उधाण येतं अवसेला नि पुनवेला! षष्ठीला पाणी मंदावत असतं. माझा जन्म गेलाय त्या धक्क्यावर. गेल्या साली होडी बुडाली तेव्हा षष्ठी होती, तू स्वतःच म्हणालास!"

"पण तारीख एक मेच होती!"

"तारखेचं पाण्याला काय? उद्याही एक मेच आहे, पण आज पुनव आहे. उद्या बघ पाणी कसं चढतं!"

मोरूनं तिला ढकललंच. ती बांधावरून खाली चिखलात पडली. "खोटारडी! बापाला वाचवते!"

"दादा, षष्ठीपासून पुनवेपर्यंत बोटांवर मोज की," कोकिळा हळूच म्हणाली. "मोजायला काय जातंय?"

मोरूनं मोजलं. पुन्हा मोजलं. चुकत नव्हतं. वर्षभर ज्या पोरीला दगड मारले, तिनं उठून परकर झटकला आणि त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"मग होडी फुटली कशानं?" त्यानं विचारलं.

"ते मला सांगता येईल," कोकिळा म्हणाली. "निदान दाखवता येईल."

कोकिळा अंबाजीशेटच्या वाडीत पडलेल्या सुपाऱ्या वेचायला जायची. किनाऱ्याला लागलेली फुटकी होडी शेटनं अपशकुनी म्हणून तिसऱ्याच दिवशी जाळली होती. पण चिकटपणा कुठं जातो! एक लांब फळी त्यानं पाटावर पूल म्हणून टाकली होती. पाटात पाय धुताना कोकिळेनं खालून पाहिलं होतं, फळीला पत्रा मारलेला होता.

भर दुपारी, सगळं गाव जेवून आडवं झालं असताना, तिघं कुंपणाच्या भोकातून आत सरपटली. मोरूनं फळीचं टोक उचललं. वरची बाजू पायांनी घासून गेली होती. खालची हिरव्या रंगाची होती, आणि तिच्यावर पांढऱ्या रंगात एका डोळ्याचा मासा.

"हा मी काढलाय," फिरोजा म्हणाली. तिनं माशावरून बोट फिरवलं. "अब्बा म्हणाले, दुसरा डोळा पुढच्या रंगाला काढू."

माशाशेजारी गंजका पत्रा होता. कोकिळेनं त्याच्या कडेला बोट टेकलं, तर बोट लाकडात पेरभर आत गेलं! होडीचा तळ वाळवीनं खाल्लेल्या बसायच्या पाटासारखा झाला होता.

तेवढ्यात शेटचा कुत्रा धावून आला. त्यानं थेट मोरूची पोटरी धरली. मोरू ओरडला असता तर राखणदार जागा झाला असता. त्यानं दातांत सदरा धरला आणि तो डोळ्यांतून पाणी काढत उभा राहिला. कोकिळेनं कुत्र्याच्या नाकावर सुपारीची झावळी हाणली, तेव्हा कुठं त्यानं पाय सोडला. तिघांनी फळी खांद्यावर घेतली. मोरूच्या पोटरीतून रक्त टपकत होतं.

"दुखतंय?" कोकिळेनं विचारलं.

"दुखू दे," फिरोजाच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी धक्क्यावर माणूस मावत नव्हता. पाणी पायऱ्या गिळून वर आलं होतं आणि भोवरे घेत होतं. तालुक्याहून फौजदारसाहेब पाहुणे म्हणून आले होते. सरपंच चांगदेवआबांच्या शेजारी अंबाजीशेट पांढऱ्या टोपीत उभा होता. त्यानं पाण्याकडं बोट केलं.

"बघा मंडळी! हीच तारीख, हेच उधाण! अशा पाण्यात त्यानं होडी घातली!"

गर्दीतून हुंदके फुटले. मोरूची आई ठमाबाई वळली आणि जैबुन्निसाच्या पायाशी थुंकली. कुणी तिला 'असं नको' म्हणालं नाही. जैबुन्निसा जागची हलली नाही.

पोरांची भाषणं सुरू झाली. कामगार झाले, मिशन झालं, महाराष्ट्र झाला. मोरू लंगडत पुढं आला.

"एक मे," तो म्हणाला, आणि कागद फाडून पाण्यात टाकला. "आई, बाचं वर्षश्राद्ध कधी केलंस?"

"अरं, हे काय विचारणं? षष्ठीला."

"काल काय होती?"

"काल पुनव."

"मग आजचं हे पाणी पुनवेचं! आबा, षष्ठीला असं उधाण कुणी बघितलंय का?"

स्वतःच्या हातांनी पिंड ठेवणाऱ्या बाया एकमेकींकडं बघू लागल्या. तारखेच्या नादात तिथी कुणाच्या ध्यानातच आली नव्हती!

"पोरगं येडं झालंय!" शेट ओरडला. "खाली बसवा त्याला!"

धप्प! कोकिळा आणि फिरोजानं फळी फौजदाराच्या पायापुढं टाकली. फिरोजानं पत्र्याच्या कडेचं लाकूड चिमटीनं सोललं आणि त्याचा भुगा साहेबांच्या हातावर ठेवला.

"बुडालेल्या होडीची फळी, साहेब. शेटच्या वाडीतली."

"खोटं! ती दुसऱ्याच होडीची हाय!"

फिरोजानं मान खाली घातली. "असेल, शेट. माझी चूक झाली असेल. हा गंजका पत्रासुद्धा अब्बांनीच मारला असेल. तुम्ही तर नवी फळी घाल म्हणून सांगत होतात ना?"

"व्हय तर!" शेटला जोर चढला. "दहादा सांगितलं नझीरला, पत्र्यावर होडी चालत न्हाय म्हणून! पण ऐकेल तर शपथ!"

"म्हणजे फळी अब्बांच्याच होडीची?"

शेट एक पाऊल मागं सरकला. फौजदार गालात हसले आणि त्यांनी शिपायाला खूण केली. "होडीचा मालक तुम्ही. कुजलेली होडी पाण्यात घालायला लावलीत तुम्ही. चला, सविस्तर बोलू."

मग गर्दीनं काय केलं? वर्षभर जैबुन्निसावर जे केलं, तेच केलं! कुणी शेटची टोपी उडवली, कुणी चप्पल फेकली. ठमाबाईनं त्याच्या तोंडावर शेण मारलं. मारणारे हात तेच होते. फिरोजानं ते ओळखले, पण तिला हसू आलं नाही.

चांगदेवआबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास, पोरींनो! शाबास, मोरू! गावाचं नाव राखलंत! मला तर तेव्हाच वाटलं होतं. त्या सांजेला पाणी मंदच होतं."

फिरोजानं वर पाहिलं. "तुम्हाला ठाऊक होतं, आबा?"

"अगं, शेटशी वैर कुणी घ्यायचं? मेलेल्या माणसावर ढकललं की गाव शांत राहतं. तू लहान आहेस, तुला न्हाय कळायचं."

"कळलं," फिरोजा म्हणाली. तिनं छिन्नी घेऊन बसलेल्या पाथरवटाला हाक मारली. "काका, ती हट्टाची ओळ तासून काढा. तिथं लिहा, पाणी मंद होतं आणि चांगदेवआबांना ठाऊक होतं."

आबांनी हात झटक्यानं मागं घेतला. पाथरवटानं एकदा आबांकडं पाहिलं, एकदा फौजदाराकडं, आणि मग विचारलं, "लिहू का?"

जैबुन्निसा गर्दीतून वाट काढत पुढं आली. या वेळी मात्र सगळे बाजूला सरले. तिनं दगडावर, पाचव्या नावाच्या खाली, बोट ठेवलं.

"आधी त्यांचं नाव कोर," ती म्हणाली. "बाकीचं मग बघू."