चित्ताची हजेरी

"पाठ भिंतीला, नजर दाराला! डोळा एका जागी रोवून बसशील, तर सोबतच्यांनाही घेऊन मरशील."

प्रशिक्षणातल्या उस्तादांचा हा हुकूम भाग्यश्री खरमाटेच्या अंगात पार मुरला होता. लष्करी पोलिसातली नायक हुद्द्याची वर्दी उतरवून ती कॉलेजात आली, तरी शेवटच्या बाकावर भिंतीला टेकूनच बसायची. भूगर्भशास्त्राचे सर खडकांचे थर उलगडून सांगत. ती मन लावून ऐके, पण नजर दार, खिडकी, पुन्हा दार अशी फिरत राही. आणि तिच्या कपाळावरच्या पट्टीचा दिवा लाल होई.

या पट्टीला सगळे ध्यानपट्टी म्हणत. बुबुळं कुठं वळतात, मेंदूत विद्युतलहरी कशा उठतात, हे जोखून ती चित्ताची हजेरी मांडी. देह बाकावर आणि मन बाजारात, ही लबाडी आता चालत नव्हती. हजेरी कमी भरली, की परीक्षा बंद.

"अक्का, पुन्हा लाल!" शेजारची मिताली कुजबुजली. "कुणाला शोधताय एवढं? आपल्या वर्गात उंदीरसुद्धा येत नाही."

"येतो की. कपाटामागं राहतो."

मितालीनं पाय वर घेतले. तिचाही दिवा लाल झाला.

शेवटी प्राचार्या शिंत्रे मॅडमनी भाग्यश्रीला बोलावून घेतलं. "ताई, पट्टी काढून ठेवा. देशासाठी तुम्ही इतकं केलंत, हजेरीचं आम्ही सांभाळून घेऊ."

"सांभाळून नको, मॅडम. नीट मापून द्या. सेवेत लागलेल्या सवयीचा दंड सैनिक-विद्यार्थ्याला करता येत नाही, असा आता कायदा आहे. यंत्राचं माप बदलून मागायचा हक्क आहे आम्हाला. मला तुम्ही सूट द्याल हो, पण दौलतला कोण देणार?"

दौलत शेडगे सीमेवरच्या स्फोटात एक कान गमावून आलेला तरुण जवान. चांगला कान सरांकडं वळवला, की त्याची नजर भलतीकडं जाई; त्या लाल दिव्याला कंटाळून, 'आपल्याला डोकंच नाही,' म्हणत त्यानं कॉलेज सोडलं होतं. आता तो साखर कारखान्याच्या फाटकावर पहारा देत होता. त्याला परत वर्गात बसवीन, असा शब्द भाग्यश्रीनं त्याच्या आईला दिला होता.

"पण लक्ष दोन ठिकाणी असलं, तर त्याला लक्ष म्हणायचं का?" मॅडमनी विचारलं. त्यांना खरंच कळत नव्हतं.

"माझी आई पहाटे जपाला बसते," भाग्यश्री हळू आवाजात म्हणाली. "समोर चुलीवर दूध असतं. वर येऊ लागलं, की हातातला मणी न सोडता उतरवते. तिचा जप मोडला, असं आम्ही कधी म्हटलं नाही."

मॅडमनी लगेच तंत्रज्ञांना फोन लावला.

तंत्रज्ञ आले. सर शिकवत असताना त्यांनी भाग्यश्रीला खुशाल दाराकडं बघू दिलं आणि तिच्या चित्ताची मूळ रेषा, म्हणजे यंत्र जिच्याशी लक्ष ताडून बघतं ती, नव्यानं आखली. पडद्याकडं बघत ते पुटपुटले, "नवलच! नजर फिरते, पण ऐकण्याची लहर तुटत नाही. आपण डोळ्यांनाच चित्त समजून बसलो होतो."

नवी रेषा बसली. दार, खिडकी, दार. दिवा हिरवाच राहिला.

मिताली ताडकन उठली आणि तिनं सलाम ठोकला, तोही डाव्या हातानं. वर्ग खदखदून हसला. "उजवा हात, बाई, उजवा!" म्हणत भाग्यश्री उभी राहिली. एरवी बाकावर अंग चोरून बसणारी ती, त्या क्षणी परेडला असावी तशी ताठ होती.

"दौलतचंही माप होईल ना?" तिनं विचारलं.

"होईल. पण रेषा ज्याची त्याच्यावरच आखावी लागते. त्यांना यावं लागेल," तंत्रज्ञ म्हणाले. "परीक्षेची नोंदणी उद्या बंद होतेय."

भाग्यश्रीनं मान हलवली. दौलत दुसऱ्यांसाठी छातीचा कोट करील, पण स्वतःसाठी काही मागणं त्याला भीक वाटे. हक्क आणि उपकार यांतला फरक कुठलं यंत्र दाखवणार होतं त्याला? आणि ते त्याला पटायच्या आत नोंदणी बंद झाली तर?

तिनं पट्टी सोडून पिशवीत ठेवली, वर्गाबाहेर पडली आणि कारखान्याच्या रस्त्याला लागली.